हिरव्या फितीचं विमान

या, बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय लुळा हाय. इकडे बाकड्यावर टेका. चहा सांगितलाय, तो येईपर्यंत तुम्हाला आमच्या मुनाफच्या विमानाची गोष्ट सांगतो. पण आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट ऐकली की सगळे हसतात, आणि मला ते आवडत नाय. ही रागाची गोष्ट हाय. हसायचं असंल तर हसा, पण मधेमधे जरा चिडा पण. एका माणसाने एवढा ताप सोसला, तेवढं तर आपण करू शकतो का नाय?

तर मुनाफ महाडात राहतो, बाजाराच्या मागल्या गल्लीत. जवानीत बहारीनला होता, एका तेल कंपनीच्या गोदामावर. तिकडचे गोरे साहेब सुट्टीच्या दिवशी वाळवंटात जाऊन खेळण्यातली विमानं उडवायचे. खेळण्यातली म्हटलं की मुनाफ तोंड फिरवतो, म्हणून नीट सांगतो. हलक्या लाकडाची, खऱ्या इंजिनाची विमानं, आणि जमिनीवर उभं राहून रेडिओने चालवायची. गळ्यात पत्र्याची पेटी, पेटीवर दोन दांड्या, आणि वर माणसाच्या उंचीची एरियल. मुनाफ आधी सामान उचलायला जायचा, मग बघायला, मग साहेबाने त्याच्याच हातात पेटी दिली. पोरगा इतका चांगला उडवायचा म्हणतात की साहेब विलायतेला परत गेला तेव्हा विमान आणि पेटी त्यालाच देऊन गेला. आमच्याकडचे लोक आखातातून काय आणतात? सोनं, चादरी, अत्तर, टेपरेकॉर्डर. मुनाफने हे आणलान.

आणलान ते पलंगाखाली सरकवलान. लग्न झालं, पोरं झाली, दुकान झालं. विमान काय उडलं नाय. त्याची बायको सलीमा, तिने ते कधी उडताना बघितलंच नाय.

आणि मग आला एकवीस सालचा पूर. सावित्रीचं पाणी गल्लीत, मग ओट्यावर, मग घरात. सलीमा कपड्यांची गाठोडी घेऊन जिन्यावर उभी. वरून ओरडते, "अवो, माझी शिलाईची मशीन घ्या! नुसतं वरचं डोकं काढून आणलंत तरी चालेल!" मुनाफ छातीएवढ्या पाण्यात शिरला, आणि डोक्यावर घेऊन आला काय? विमान आणि त्याची पेटी. पुन्हा खाली जाईपर्यंत पाणी तुळईला लागलं होतं. ज्या मशीनवर सलीमाने अख्ख्या गल्लीचे ब्लाउज आणि बुरखे शिवले, ती चिखलातून निघाली तेव्हा तिचं चाक फिरेना.

तुम्ही म्हणाल, चुकला मुनाफ. चुकलाच. पण शिक्षा बघा. तेव्हापासून शर्टाचं बटण तुटलं की सलीमा म्हणते, "विमानाला सांगा लावायला." पडदा फाटला, विमानाला सांगा. ईदेला नवा झब्बा शिवून हवा, विमानाला सांगा. माणूस स्वतःच्या घरात मान खाली घालून जेवायचा.

यंदा पोराने, अकिबने, आईला नवी मशीन द्यायचं कबूल केलं. ठेवायची कुठे? पुराचा धसका बसलाय, तेव्हा माळ्यावरच. आणि माळ्यावर कोण बसलंय? विमान.

"हे उडतं म्हणता ना?" सलीमा म्हणाली.

"उडतं म्हणजे काय, गरुडासारखं उडतं."

"मग मला उडवून दाखवा. एकदाच. माझ्या डोळ्यांनी बघते. नाय उडलं तर तौकीरच्या टेम्पोतून भंगारात. जाताना विमान, येताना मशीन."

तौकीर म्हणजे मुनाफचा चुलतभाऊ, टेम्पोवाला. तो दारातच उभा होता. म्हणतो कसा, "वहिनी, सांगा कधी, टेम्पो लावतो." असे भाऊ असल्यावर दुश्मनांची गरज काय?

मुनाफ विमान आणि पेटी घेऊन स्टँडजवळच्या विनीतकडे गेला. विनीत मोबाईल दुरुस्त करतो. त्याने पेटी उघडलान आणि सगळ्या दुकानाला बोलावून दाखवलान. "चाचा, हे म्युझियममध्ये द्या." आतले जुने सेल फुटून हिरवा बुरा झाला होता. मुनाफ म्हणाला, "म्युझियममध्ये तुला ठेवीन. सेल बदल." विनीतने बदलले, तारा घासल्या, आणि बटण दाबलं तशी विमानाची शेपटी हलली. मुनाफच्या डोळ्यांत पाणी आलं. विनीत म्हणाला, "चाचा, याचं ॲप नाय काय?" पाणी तिथंच आटलं.

पंख विमानाला रबराने बांधतात. रबर कुजलेलं. मुनाफने सलीमाच्या शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक काढलान. ती गोष्ट कळली तेव्हा घरात काय झालं ते मी सांगत नाय, चहा कडू होईल. इंजिनाला स्पिरिटात कालवलेलं एरंडेल लागतं. ते स्वयंपाकघरात मिसळलान, त्याचंही नाय सांगत.

आता जागा. आमच्या मुलखात सपाट जमीन सापडणं म्हणजे काय, तुम्ही इकडून गाडीने आलात, तुम्हाला ठाऊक. महाडात विजेच्या तारा. नदीकाठी झाडं. कोणीतरी हिरकणीवाडीचं नाव काढलं, तर दुसरा म्हणाला, गडाच्या रोपवेच्या दोरीला अडकवशील आणि वर्तमानपत्रात येशील. शेवटी मुनाफ गेला भिकूकडे. भिकू त्याचा शाळेपासूनचा दोस्त. पोलादपूरच्या वर, कशेडीच्या अंगाला त्याची वाडी.

"जागा हाय रे," भिकू म्हणाला, "माझीच शेतं. पण यंदा पोरांनी बांध मोडून क्रिकेटचं मैदान केलानी. अक्षयला विचार."

अक्षय भिकूचा पुतण्या, मुंबईला असतो. वाडीच्या मुंबई मंडळाचा तोच सगळा कारभार बघतो. दरवर्षी इकडे टर्नामेंट भरवतो आणि स्वतःच माईकवर बोलतो. तो तर उड्याच मारायला लागला. "चाचा, उद्घाटनालाच उडवा! असा आयटम अख्ख्या तालुक्यात नाय झाला." मुनाफला आयटम शब्द लागला, पण गिळलान. "फक्त परवानगी काढा. हल्ली ड्रोनला लागते."

झालं. मुनाफ एका कचेरीत गेला. कुठल्या ते सांगत नाय, मला पण उद्या दाखला लागेल.

"ड्रोनचा नंबर?"

"साहेब, ड्रोन नाय. विमान हाय."

"विमानतळ कुठला?"

"भिकूचं शेत."

"कॅमेरा कितीचा?"

"कॅमेरा नाय."

साहेबाने पेन खाली ठेवलं. "कॅमेरा नाय? मग उडवता कशाला?"

आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्ही सांगा! माणूस पतंग कशाला उडवतो? गाणं कशाला म्हणतो? मुनाफ म्हणाला, "बायकोला दाखवायला." साहेबाने त्याला दुसऱ्या कचेरीत पाठवला. तिथला म्हणाला, आमच्याकडे फक्त जमिनीवरचं, हवेतलं दिल्लीला. तिसरीकडे एका बाईंनी मार्ग काढला. मंडळाच्या अर्जात ‘लेझीम, फुगडी व इतर मनोरंजन’ असं होतंच. त्यातल्या ‘इतर’मध्ये विमान बसवा म्हणाल्या. वाळवंटात गोऱ्यांच्या बरोबरीने विमान उडवलेला माणूस, तो आमच्याकडे येऊन इतर झाला.

आता नीट ऐका, खरी गोम इथून सुरू होते.

या जुन्या रेडिओत एक खडा असतो. क्रिस्टल म्हणतात, नखाएवढी डबी. जोडीतला एक पेटीत बसवायचा, दुसरा विमानात. प्रत्येक जोडीला रंग ठरलेला. आणि एका मैदानावर एकाच रंगाचे दोघे चालू झाले, तर विमानाला कळत नाय धनी कोण, आणि ते पडतं. म्हणून नेम असा की ज्या रंगाचा खडा आत, त्याच रंगाची फीत एरियलच्या टोकाला बांधायची. लांबून दुसऱ्याला दिसावी. साहेबाने पहिल्या दिवशी हेच शिकवलेलं, फीत नाय तर बटणाला हात नाय.

मुनाफचा खडा हिरवा. म्हणून फीत हिरवी. विषय संपला, असं तुम्हाला वाटेल.

अक्षयने मुनाफचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मुनाफ, गळ्यात पेटी, उंच एरियल, टोकाला हिरवी फीत. संध्याकाळी शेजारचे अरविंदराव आले. शाळेतून रिटायर झालेले क्लार्क, सल्ला द्यायला कायम मोकळे.

"मुनाफभाई, माझं काय नाय हो. मला माहितीये तुमच्या मनात काही नाही. पण ती हिरवी फीत... लोकं काय म्हणतील?"

"कोण लोकं?"

"लोकं म्हणजे... लोकं."

"अहो, रेडिओचा खडा हिरवा हाय!"

"ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. लोकांना कुठे ठाऊक?"

मुनाफने रात्रभर विचार केला आणि भगवी जोडी काढलान. चार जोड्या साहेबाने दिल्या होत्या. भगवी फीत बांधून नवा फोटो पाठवलान. सकाळी तौकीर दारात.

"भाईजान, मला काय फरक पडत नाय. पण आपल्यातली लोकं..."

"आपल्यातली म्हणजे कोण? तुझं नाव तौकीर, माझं मुनाफ, आणखी कोण?"

"नाव कशाला घ्यायचं कोणाचं."

मग निळी. निळीवर प्रमुख पाहुण्यांचा फोन, हर्षदशेठचा, रस्त्याचा ठेकेदार. "चाचा, माझं काय नाय, मी सगळ्यांचाच. पण उद्या लोकं म्हणतील हर्षदने मुद्दाम लावायला सांगितली, उद्या म्हणतील मुद्दाम लावू दिली. नकोच ना."

बघा आता! हिरवी ह्यांची, भगवी त्यांची, निळी आणखी कोणाची. मुनाफ ओरडला, "अरे, हे रंग विलायतेत ठरलेत! त्या गोऱ्याला महाड कुठे ते पण ठाऊक नव्हतं!" अक्षय म्हणाला पांढरी लावा. पांढरा खडा नसतो. कोणी म्हणालं तिरंगी लावा, कोणाची हिंमत हाय बोलायची? मुनाफ म्हणाला, आत तीन खडे कोंबू काय?

सगळ्यात हुशार सल्ला विनीतचा. "चाचा, खडा हिरवाच ठेवा, वर फीत कुठलीही बांधा. आत कोण बघतोय?"

तिथे मात्र मुनाफचं डोकं सटकलं. "खोटी फीत? बाहेर एक आणि आत एक? ते मी नाय करणार. दुसरा कोणी भरवशाने बटण दाबेल आणि त्याचं विमान पडेल!"

"दुसरं विमान हाय कोणाकडे?"

"नसू दे!"

असा माणूस. खरा म्हणजे किती खरा असावा, त्याला काय हद्द?

राहिली पिवळी. अरविंदराव खूष झाले. "पिवळी बेस्ट! हळदीची. कोणाचीच नाही." मुनाफ कुरकुरला. साहेबाने पिवळी जोडी देताना बजावलं होतं, ही वापरू नको, दुकानातली स्वस्त खेळणी सगळी पिवळ्यावर चालतात. अरविंदराव हसले. "मुनाफभाई, कशेडीच्या डोंगरात कोण खेळणी चालवतंय?"

मुनाफने पेटीत पिवळा, विमानात पिवळा, आणि वर पिवळी फीत बांधलान.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. मांडव, पताका, ढोल, टेबलावर चषक. हर्षदशेठ पांढऱ्या कडक कपड्यांत, खुर्चीला टेकायला पण तयार नाय, इस्त्री मोडेल म्हणून. सलीमा बायकांत बसलेली. तौकीरचा टेम्पो मैदानाच्या तोंडाशी, मागची फळी उघडून, भंगाराकडे तोंड करून. आणि मांडवाला लागून खेळण्यांची गाडी, दीपेशची. हा माणूस जत्रा, उरूस, टर्नामेंट काय सोडत नाय. गाडीवर भोवरे, पिपाण्या, आणि लाल रंगाच्या रिमोटच्या मोटारी.

मुनाफने पेटी चालू केलान तशी दीपेशच्या टेबलावरची एक मोटार आपोआप पळाली आणि भज्यांच्या पिठात पडली. दीपेशने तिला शिवी घातलान आणि पुसून ठेवलान. मुनाफला कोणी सांगायला गेलं नाय. त्याचं लक्ष इंजिनात. पंखा बोटाने फिरवायचा असतो. दोनदा बोटावर फटका बसला. मग फट फट करून इंजिन धरलं आणि एरंडेलाचा धूर निघाला.

भिकूने विमान हातात धरून पळत जाऊन सोडलान.

आणि उडलं हो! अशी कापडासारखी हवा कापत गेलं. डोंगराकडे वळलं, उन्हात पंख चमकले, परत आलं, मांडवावरून गेलं. अख्ख्या मैदानाच्या माना वर. अक्षयने माईक खाली ठेवलान, म्हणजे समजा. मुनाफने मान वळवलान नाय, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलान. सलीमा उभी राहिली होती. कपाळावर हात धरून, तोंड उघडं. पुरानंतर पहिल्यांदा ती काहीतरी बघत होती आणि बोलत नव्हती.

तेवढ्यात दीपेशने एका गिऱ्हाइकाला मोटार चालवून दाखवायला घेतलान. रिमोट धरून दाबून ठेवलान.

विमान एकदम आडवं झालं, मग उलटं.

"अरे वा, चाचांनी मारली पलटी!" अक्षयला माईक सापडला. "जोरदार टाळ्या!"

मुनाफ दांड्या ओढतोय आणि ओरडतोय, "बंद करा! कोणाकडे रिमोट हाय? बंद करा!" टाळ्यांत कोणाला ऐकू जातंय? लोकांनी त्याचे वर केलेले हात बघितले आणि आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. इकडे मुनाफ जशा दांड्या ओढतोय तशा दीपेशच्या चार मोटारी टेबलावरून उड्या मारून मैदानात. एक यष्टिरक्षकाच्या पायात. विमान वर कोलांट्या, मोटारी खाली कोलांट्या.

"आता चाचा खाली येतायत... आणखी खाली... अरे बापरे!"

विमान मांडवाच्या कापडात घुसलं, कापड फाडून मोठ्या चषकावर आदळलं, आणि टाकीतलं सगळं एरंडेल हर्षदशेठच्या इस्त्रीवर.

मग सुरू झालं. हर्षदशेठ ओरडतोय, "याला परवानगी कोणी दिली?" अक्षय माईकवरच म्हणाला, "चाचांचं वय झालंय, आपण समजून घेऊ." अरविंदराव मान हलवतात, "मी तरी सांगत होतो, नको या वयात." मुनाफ एकटा मैदानात उभा, गळ्यात पेटी. एक लाल मोटार भिरभिरत आली आणि त्याच्या चपलेवर आपटली. मुनाफने तिच्याकडे बघितलान. डावी दांडी हलवलान, मोटारीने झटका दिला. पुन्हा हलवलान, पुन्हा झटका. वर बघितलान. एरियलच्या टोकाला हळदीची, कोणाचीच नसलेली पिवळी फीत.

"पिवळा," तो म्हणाला. एवढंच. पण असं म्हणाला की भिकू दोन पावलं मागे सरला.

तौकीर टेम्पोतून उतरला. "वहिनी, टाकू मग भंगारात?"

सलीमा बायकांतून उठून सरळ मांडवात गेली. वाटेत विमान उचललान. एक पंख मोडला होता, दुसरा तिच्याच इलॅस्टिकवर लोंबत होता. अक्षयच्या हातातून माईक घेतलान. ती बाई घरी बायका मैलाद पढायला जमतात तेव्हा पण मागे बसते, माईक काय तिने कधी धरलेला नाय.

"मी बघितलं," ती म्हणाली. माईक किंचाळला, तिने हलवला नाय. "हे उडलं. माझी मशीन बुडवून वाचवलेलं उडलं. मशीन मी विसरलेली नाय, ते आमचं आम्ही घरी बघू. पण याला हिरवी फीत होती. ती कोणी काढायला लावली?"

तिने मांडवभर नजर फिरवलान.

"अरविंदभाऊ?"

"वहिनी, माझं काय नव्हतं हो. लोकं म्हणत होती..."

"तौकीर?"

"वहिनी, मी कुठे, आपल्यातली लोकं..."

"शेठ?"

हर्षदशेठ शर्ट पुसायला लागला.

"बरं," सलीमा म्हणाली. "ती लोकं कोण, त्यांनी हात वर करा. अख्खी पंचक्रोशी जमलीय, इथेच असतील. करा हात वर."

काय सांगू तुम्हाला. मैदान खच्चून भरलेलं. खेळाडू, म्हातारे, बायका, टेम्पोवाले, भजीवाला. एक हात वर नाय. लांब झाडाखाली एका माणसाने हात वर करून टोपी सारखी केलान, तेवढ्यावर सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. तो बिचारा घाबरून खालीच बसला.

"नाय ना कोणी?" सलीमाने माईक टेबलावर आपटला. "मग कोणाच्या भीतीने पाडलात माझ्या माणसाचं विमान?"

टेम्पो भंगाराच्या दुकानावरून गेला, थांबला नाय. तौकीरने ब्रेकवर पाय ठेवून बघितला, सलीमाने नुसतं बघितलं त्याच्याकडे. मशीन आली, ती माळ्यावर गेली. विमान कपाटावर, जिथे मुनाफच्या कपड्यांची पेटी होती. मुनाफचे कपडे आता दोरीवर असतात. पंख जोडायचं काम सुरू हाय. परवा गेलो तर सलीमा नव्या मशीनवर कसलीशी बारीक पट्टी शिवत होती, कडेला टीप मारून, धुतली तरी उसवू नये अशी. रंग हिरवा. मुनाफ बाजूला बसलेला, शर्टाचं बटण तुटलेलं. विचारलं तर सलीमा म्हणाली, "ते विमानाला सांगा."

पुढच्या महिन्यात परत उडवणार हाय तो, भिकूच्याच शेतात. आत हिरवा, वर हिरवा.

घ्या, चहा आला. आता एक काम करा माझं. तुम्ही गाडीने फिरता, पोलादपूर काय, शिवथर काय, मुंबई काय, दहा ठिकाणी उठबस तुमची. कुठे ती लोकं भेटली ना, जी सारखी काहीतरी म्हणत असतात, तर त्यांना आमच्या गल्लीत पाठवून द्या. पत्ता कोणीही सांगेल. सलीमा दार उघडून बसलीय, तिला त्यांना एकदा बघायचंय.